छातीच्या डॉक्टरांना खुलं पत्र: सिगारेटचं विचारता, तसं चुलीचंही विचारा

नमस्कार डॉक्टर मंडळी,

चेस्टवाले, कॅन्सरवाले, फॅमिली डॉक्टर, आणि केसपेपर कसा असावा, सॉफ्टवेअरच्या फॉर्ममध्ये काय काय यावं हे कमिटीत बसून ठरवणारे, तुम्हा सगळ्यांसाठी हे पत्र आहे. मी डॉक्टर नाही. फुंकायची टेस्ट असते ना, पीएफटी, ती घेणारी टेक्निशियन आहे. तुम्ही चिठ्ठीवर दोन अक्षरं खरडून पाठवता आणि पेशंट माझ्यासमोर येऊन बसतो, मग नाकाला क्लिप लावून मी त्याला "जोरात, अजून, अजून, सोडू नका" करत राहते. दिवसभर हेच चालतं. पण नुसतं "मला असं वाटतं" म्हणून लिहिलं तर तुम्ही मान हलवाल आणि पुढच्या पेशंटला आत बोलवाल, हे मला चांगलं माहितीय, म्हणून थोडं वाचूनही आलेय.

म्हणणं एकच आहे. पेशंटला "सिगारेट, विडी ओढता का?" हे तुम्ही न चुकता विचारता. त्याच्या जोडीला "आयुष्यभरात स्वयंपाक कशावर केला, किती वर्षं, आणि धूर कुठून बाहेर जायचा?" हेही विचारा. आणि विचारलेलं कुठेतरी लिहा, कारण न लिहिलेलं विचारलं काय आणि नाही काय, सारखंच.

माझ्या मशीनचं सांगते. टेस्टच्या आधी वय, उंची, वजन भरायचं, मग स्मोकिंगचा रकाना येतो. तिथे तीनच पर्याय, कधीच नाही, पूर्वी ओढायचे, अजून ओढतात. "कधीच नाही" वर क्लिक केलं की खालचा पॅक-इयर्सचा (रोजची पाकिटं गुणिले ओढल्याची वर्षं) बॉक्स करडा होतो आणि मशीन पुढे सरकतं, जणू त्या माणसाच्या छातीत आयुष्यभर शुद्ध हवेशिवाय काही गेलंच नाही. रिपोर्टच्या डोक्यावर छापून येतं नेव्हर स्मोकर, आणि तो कागद तुमच्यापर्यंत पोचतो तेव्हा तुमचं अर्धं मन तयार झालेलं असतं की हिला काही मोठं नसणार, अ‍ॅलर्जी असेल, दमा असेल, फार तर टीबी बघू.

त्याच कागदावर व्यवसाय असाही एक रकाना असतो. खाणकामगार लिहिलं, वेल्डर लिहिलं, दगडफोडीचं काम लिहिलं की तुम्ही लगेच सावध होता, "धुळीत काम आहे का?" विचारता. आणि तिथे "गृहिणी" लिहिलेलं असलं की काहीच विचारत नाही. बंद खोलीत जाळासमोर रोज चार-पाच तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, सुट्टी नाही, रिटायरमेंट नाही, एवढं एक्स्पोजर कुठल्या कारखान्यात सापडलं असतं तर तिथे इन्स्पेक्टर धाडला असता ना?

१७०० साली इटलीत रामाझिनी नावाच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं की पेशंटला आजवर जे प्रश्न विचारत आलात त्यात एक वाढवा, तुम्ही काम काय करता? त्या एका प्रश्नातून कामगारांच्या आजारांची अख्खी शाखा उभी राहिली. पुढे १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांच्या लक्षात आलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे जाऊन अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर होतो आणि त्याचं मूळ काजळीत आहे. म्हणजे कामामुळे कॅन्सर होऊ शकतो ही गोष्ट पहिल्यांदा कळली तीच मुळात चुलीच्या काजळीवरून, आणि अडीचशे वर्षांनी आपण त्या काजळीसमोर बसणारीलाच विचारायचं विसरलोय. (हे तुम्हाला फर्स्ट इयरला शिकवतात म्हणे. मग ओपीडीत आल्यावर कुठे जातं?)

आता पुरावा. तुम्हाला हे ठाऊक असेल पण एकदा समोर मांडते. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, आयएआरसी, त्यांनी २००६ मध्ये तज्ज्ञ बसवून घरात कोळसा जाळल्याचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे नक्की, तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्यातच. लाकूडफाटा आणि बाकीच्या बायोमासचा (शेण, पिकांची धाटं वगैरे) धूर २अ गटात, म्हणजे बहुतेक होतो. मोठ्या आचेवर तळताना जी वाफ आणि धूर निघतो तोही २अ मध्ये. इथे एक गोष्ट मीही बरेच दिवस उलटी समजत होते आणि माझ्या ओळखीचे काही डॉक्टरही समजतात: हे गट धोका किती मोठा ते सांगत नाहीत, पुरावा किती पक्का ते सांगतात. त्यामुळे लाकूड २अ मध्ये आहे याचा अर्थ लाकूड सौम्य आहे असा होत नाही.

आणि धुरात असतं तरी काय? बेंझोपायरीन, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, ही तिन्ही एकेकटीसुद्धा पहिल्या गटातलीच, आणि ही तिन्ही सिगारेटच्या धुरातही असतात. बेंझोपायरीनची तर गंमतच आहे, म्हणजे गंमत कसली, शरीर त्याला बाहेर टाकण्यासाठी विरघळवायला जातं आणि त्या प्रयत्नात जे तयार होतं तेच डीएनएला जाऊन चिकटतं. हे सगळं ज्या कणांवर बसून आत जातं ते अडीच मायक्रॉनच्या आतले, नाकाला कळत नाहीत, खोकून निघत नाहीत, थेट हवेच्या पिशव्यांपर्यंत उतरतात. बाईने सिगारेटचा धूर स्वतः आत ओढला काय किंवा तिच्या चुलीने तोंडावर सोडला काय, फुप्फुसाला दोन्ही धूरच.

सगळ्यात जास्त ज्या भागाबद्दल लिहिलं गेलंय तो चीनच्या युन्नान प्रांतातला श्वानवेई. तिथल्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण चीनमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवर होतं. विचित्र हे होतं की तिथे पुरुष भरपूर सिगारेट ओढायचे, बायका जवळजवळ कोणीच नाही, आणि तरी दोघांचं प्रमाण साधारण सारखं. म्हणजे सिगारेटवर ढकलायची सोय नव्हती. घरात मधोमध उघडी आगटी, वर धुराडं नाही, आणि जाळायला तिथला धूर करणारा कोळसा. २०१२ मध्ये जो अभ्यास छापून आला त्यात धुराचा कोळसा वापरणाऱ्यांचा सत्तरीच्या आत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका पुरुषांत १८ टक्के आणि बायकांत २० टक्के निघाला, आणि त्याच भागात बिनधुराचा कोळसा वापरणाऱ्यांचा अर्धा टक्क्याहून कमी. कोळसा कुठल्या खाणीतला यावर माणसाचं मरण ठरतंय! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दशांश चिन्ह चुकलं असेल असंच वाटलं होतं.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते याच्याही दहा वर्षं आधी, २००२ मध्ये आलेलं. त्याच भागात एकवीस हजारांवर लोकांचा मागोवा घेतला, त्यातल्या बऱ्याच जणांनी मधे आगटीच्या जागी धुराडंवाली शेगडी बसवली होती. फक्त धुराडं, कोळसा तोच. पुरुषांत कॅन्सर ४१ टक्क्यांनी कमी, बायकांत ४६ टक्क्यांनी. एका पाइपने! आणि हा फरक स्पष्ट दिसायला शेगडी बदलल्यावर साधारण दहा वर्षं गेली. ही दहा वर्षं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतात.

लाकडाचा पुरावा इतका ठसठशीत नाही, हे मान्य. बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये जो हिशोब मांडला त्यात मुख्यतः कोळसा वापरणाऱ्यांचा धोका १.६४ पट आणि लाकूड वापरणाऱ्यांचा १.२१ पट आला. १.२१ ऐकून काही जण खांदे उडवतात, "सिगारेटचा बघा, दहा-वीस पट असतो" म्हणतात. बरोबर आहे, सिगारेटच्या जवळपासही नाही. पण हे १.२१ किती लोकांना लागू पडतं ते बघा ना. जगात साधारण २१० कोटी लोक अजूनही लाकूड, शेण, कोळसा, रॉकेल यावरच शिजवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने घरातल्या धुराने २०२० मध्ये ३२ लाख माणसं गेली. त्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचा वाटा ६ टक्के, म्हणजे दोन लाखांच्या आसपास, बाकी हृदय, स्ट्रोक, न्यूमोनिया, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार). उलट बाजूने मोजलं तर फुप्फुसाच्या कॅन्सरने जाणाऱ्या मोठ्या माणसांत साधारण ११ टक्के मृत्यू या धुरामुळे. नऊ पेशंटमागे एक. आणि त्या एकाच्या केसपेपरवर याबद्दल एक शब्द नाही.

आता तुमचे आक्षेप, जे मी कॉरिडॉरमध्ये ऐकलेत.

पहिला, वेळ नाही. ओपीडीला रांग लागलेली असते हे मी रोज बघते, त्या रांगेतूनच माझ्याकडे माणसं येतात. पण प्रश्नाला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. आणि तुम्हाला नसेल वेळ तर मी विचारते, नर्स विचारेल, केसपेपर काढणारा पोरगा विचारेल, फक्त रकाना द्या.

दुसरा आक्षेप, "आता सगळ्यांकडे गॅस आहे." हा मला सगळ्यात चुकीचा वाटतो. एक तर सगळ्यांकडे नाहीये, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचंही अर्धं काम गॅसवर, अर्धं चुलीवर असं चालतं, पाणी तापवायला लाकूड, जास्त माणसं जेवायला असली की लाकूड, सिलेंडर संपला की लाकूड. आणि दुसरं, वर ती दहा वर्षं सांगितली ना. आज साठीची बाई गॅसवर करत असेलही, तिची फुप्फुसं मात्र मधली तीस-चाळीस वर्षं घेऊनच तुमच्यासमोर बसलीयेत. सिगारेट सोडलेल्या माणसाला तुम्ही "पूर्वी किती ओढायचात" विचारता, मग चूल सोडलेलीला का नाही? आणि लहानपणाचंही विचारा, कारण स्वयंपाक करायला लागायच्या आधी ही पोर आईच्या कडेवर किंवा मांडीवर त्याच धुरात असते.

तिसरा, "पेशंटला सांगता येत नाही, आठवत नाही." यावर मात्र मला बोलायचंय, कारण इथे विचारण्याची पद्धत चुकते. एक मावशी आल्या होत्या, पहिल्याच फुंकरीला ठसका लागून थांबल्या. पाणी दिलं, जरा बसवलं, बोलता बोलता विचारलं, घरात धूर व्हायचा का? "नाही हो." असंच म्हणाल्या. मग विचारलं, स्वयंपाकघराचं छत कुठल्या रंगाचं होतं? "काळंच की, हात लावला तर हाताला यायचं." डोळ्यांतून पाणी यायचं? "ते तर यायचंच, लाकूड ओलं असलं की दिसायचंच नाही काही." खिडकी? नव्हती, दार उघडं ठेवायच्या, पावसाळ्यात तेही बंद. किती वर्षं? लग्नाच्या आधीपासून, नऊ-दहा वर्षांच्या असल्यापासून. म्हणजे ही बाई खोटं बोलत नव्हती, तिच्या लेखी तो धूर नव्हताच, ती घरातली हवा होती. तेव्हापासून मी "धूर होता का" विचारतच नाही. छत विचारते, डोळे विचारते, लाकूड ओलं की सुकं विचारते, धूर कुठून बाहेर पडायचा ते विचारते. लोकांना पॅक-इयर्स आठवत नसतात पण छताचा रंग आठवतो.

आणि मोजमाप हवं असेल तर तेही आहे, मी काही नवीन शोध लावत नाहीये. संशोधनात तास-वर्षं असा हिशोब वापरतात, रोज जाळासमोर सरासरी किती तास गुणिले किती वर्षं. चार तास, तीस वर्षं, म्हणजे १२० तास-वर्षं. ढोबळ आहे? आहेच. पॅक-इयर्स तरी कुठे अगदी अचूक असतात, माणूस बायकोसमोर बसलेला असला की दिवसाच्या वीसच्या दहा होतात. मेक्सिकोत सिगारेट न ओढणाऱ्या बायकांचा अभ्यास झाला त्यात लाकडाच्या धुरात ५० वर्षांहून जास्त काढलेल्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जवळपास दुप्पट निघाला, त्याहून कमी वर्षं असलेल्यांत तसा दिसला नाही. म्हणजे वर्षं मोजण्याला अर्थ आहे, हो-नाही एवढंच लिहून भागत नाही. मात्र त्या मोबाइलवर फिरणाऱ्या "एक तास चूल म्हणजे इतक्या सिगारेट" असल्या हिशोबांच्या नादी मी लागत नाही आणि तुम्हीही लागू नका, दोन धूर वेगळे आहेत, प्रत्येकाचं त्याचं त्याचं मोजावं.

चौथा आक्षेप कोणी तोंडावर बोलत नाही पण असतो, की विचारून करायचं काय, उपचार तर तेच राहणार. कॅन्सर सापडल्यावर उपचार तेच राहतील, खरंय. बायोप्सी होईल, गाठीतल्या जनुकांच्या ईजीएफआर वगैरे टेस्ट होतील, न ओढणाऱ्यांमध्ये असे बदल जास्त सापडतात आणि त्यावर गोळ्या आहेत हे तुम्हाला माझ्याहून कितीतरी जास्त कळतं. माझा प्रश्न सापडण्याच्या आधीचा आहे. तीन आठवड्यांच्या वर खोकला, थुंकीत रक्त, वजन उतरलेलं, आवाज बसलेला, हे सिगारेट ओढणाऱ्या पुरुषात दिसलं की तुम्ही त्याच दिवशी स्कॅन लिहिता. हेच चूल फुंकलेल्या बाईत दिसलं की खोकल्याचं औषध, मग अँटिबायोटिक, मग इन्हेलर, मग "टेन्शन घेता का?" हे मधले महिने कुणाच्या हिशोबात धरायचे? त्यात भर म्हणजे या धुराने श्वासनळीत काळे डाग पडून ती आत अरुंद होते, अँथ्रॅकोफायब्रोसिस, ते स्कॅनवर कधी टीबीसारखं दिसतं कधी गाठीसारखं. चुलीची माहिती कागदावर असेल तर दोन्ही बाजूंनी फायदा, खरी गाठ लवकर धरता येईल आणि गाठ नसलेलीला उगाच सहा महिने टीबीच्या गोळ्या खाव्या लागणार नाहीत. शिवाय सीओपीडी ज्याला आहे त्याला कॅन्सरचा धोका एरवीही जास्त, आणि माझ्या मशीनवर फुंकून सीओपीडी निघणाऱ्या कितीतरी बायकांनी आयुष्यात सिगारेट हातात धरलेली नसते.

स्क्रीनिंगवाल्यांसाठी, म्हणजे लक्षणं नसतानाच तपासून कॅन्सर शोधणाऱ्यांसाठी, दोन शब्द वेगळे. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीचा २०२१ चा नियम आहे की वय ५० ते ८०, निदान २० पॅक-इयर्स, आणि अजून ओढत असेल किंवा सोडून १५ वर्षं झाली नसतील तर दरवर्षी कमी डोसचा सीटी. चांगलंच आहे. पण या चाळणीतून नुसती चूल फुंकलेली एकही बाई जात नाही, कारण चाळणीच सिगारेटची आहे. तैवानने २०१५ ते २०१९ मध्ये वेगळं करून बघितलं, सिगारेट न ओढणारे किंवा अगदी कमी ओढलेले पण घरात कोणाला हा कॅन्सर झालेला, किंवा दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, किंवा तळण-परतण्याची वर्षं खूप, किंवा स्वयंपाकघरात हवा जायला वाट नाही, अशा बारा हजार जणांचा सीटी केला, आणि २.६ टक्क्यांत कॅन्सर सापडला. यातले काही कॅन्सर इतके सावकाश वाढणारे असतात की सापडले नसते तरी बिघडलं नसतं, ही शंका रास्त आहे, आणि पुढे २०२२ मध्ये तिथे सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा कुटुंबातला इतिहास घेतला पण स्वयंपाकाचा मुद्दा घेतला नाही. म्हणून मी "सगळ्या चूलवाल्यांचा सीटी करा" असं म्हणतच नाहीये, एवढं रेडिएशन आणि एवढी भीती उगाच कशाला. मी म्हणतेय की कोणाचा करायचा हे ठरवायला सुद्धा आकडे लागतील, आणि तुमच्या केसपेपरवर रकाना नसेल तर ते येणार कुठून? कॅन्सर रजिस्ट्रीत तंबाखूचा कॉलम भरला जातो, तिथेही एक कॉलम वाढवा.

एक विनंती मात्र हात जोडून. विचाराल तेव्हा ओरडू नका. "एवढी वर्षं चुलीवर कशाला करत बसलात?" हे वाक्य मी ऐकलंय, आणि ज्यांना ते ऐकावं लागलं त्यांचा चेहराही बघितलाय. सिगारेट निदान माणूस स्वतः पेटवतो. इथे घर जेवायला घालायचं होतं आणि जे जळण परवडत होतं ते लावलं. अजूनही जी चुलीवरच करतेय तिला नुसतं "धूर टाळा" सांगून काय कळणार, जरा नीट सांगा: कच्चा दगडी कोळसा घरात नकोच, रॉकेलही नको, हे दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय. जमेल तेवढं काम गॅस किंवा विजेवर न्या. जे राहील त्याला धुराडं, सुकं लाकूड, चूल शक्य असेल तर बाहेर किंवा दारापाशी, आणि पोरं लांब. तोंडाला ओढणी बांधून फारसं काही होत नाही. अर्धवट उपायाने काय होणार असं वाटत असेल तर श्वानवेईचं ते धुराडं आठवा. हृदयाच्या बाबतीत थोडा धूरसुद्धा बराच धोका करतो त्यामुळे अर्ध्या उपायाचा फायदा कमी दिसतो, पण फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण धुराच्या प्रमाणात चढतो, म्हणजे जेवढा धूर कमी तेवढा फायदा पदरात. (धुराडं शेजाऱ्याच्या खिडकीत सोडू नका हेही सांगा, नाहीतर आजार फक्त भिंत ओलांडतो.)

आमच्याकडे केसपेपरचा नवीन गठ्ठा छापायला जायचाय आणि सॉफ्टवेअरवालाही अपडेट घेऊन येणार आहे. पॅक-इयर्सच्या बॉक्सच्या खाली एक रिकामी ओळ आहे, मी मोजून बघितलीय, जळण, रोजचे तास, वर्षं आणि धुराडं होतं की नाही, एवढं चारही तिथे बसतं. "नेव्हर स्मोकर" क्लिक केलं तरी ही ओळ करडी होता कामा नये, एवढं त्या सॉफ्टवेअरवाल्याला तुमच्यापैकी कोणीतरी सांगा, टेक्निशियनचं तो ऐकत नाही.

तुमची,
पीएफटी रूममधली एक टेक्निशियन